मोडून ठेवणारे सर

डबडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण शाळेत नव्यानं येणाऱ्या पालकांना ते तसंच वाटायचं, आणि कुणी दारात येऊन "डबडे सर आहेत का?" असं विचारलं तर सर स्वतःच पुढं होऊन "बोला की" म्हणायचे. नाव मुलांनी दिलेलं. सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून ते शाळेत यायचे. पोत्यातली डबडी खुळखुळायची, आणि तो आवाज आला की माझ्या वर्गातली मुलं कविता सोडून खिडकीकडं माना वळवायची. मी मराठीची शिक्षिका. त्या पोत्याचा मला सुरुवातीला रागच यायचा.

रागाला दुसरंही कारण होतं. सर अक्कलकोटकडचे, घरात कन्नड. मराठी अस्खलित बोलायचे, पण वस्तूंच्या लिंगाचा त्यांच्याकडं काही भरवसा नव्हता. "तो बाटली इकडं आण," "ती डबा धुतली का?" मुलं हे उचलायची आणि माझ्याकडं येणाऱ्या निबंधांत "तो बाटली" उभा राहायचा. एकदा स्टाफरूममध्ये मी त्यांना हे जरा तोऱ्यातच ऐकवलं. ते डबा खात होते. घास संपवून म्हणाले, "मॅडम, बाटली आज बाटली हाय. उद्या त्याचा दिवा होतंय, परवा हत्तीचा पाय होतंय. तो का ती, हे आत्ताच कशाला ठरवून टाकायचं?" मला पटलं नाही, पण हसू आलं. त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली.

सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल बोलताना लोक "मुलांवर फार जीव होता हो त्यांचा" असं काहीतरी बोलतात. जीव होताच. पण सर साधे नव्हते. हट्टी होते, आणि त्यांच्या हट्टापायी आमच्या मुख्याध्यापकांचा रक्तदाब वाढायचा.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. आजूबाजूला यंत्रमाग, टॉवेलचे कारखाने, आणि दारादारांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू. सर कंत्राटावर कार्यानुभव शिकवायचे, म्हणजे परीक्षा जवळ आली की गणितवाले उचलून नेतात तो तास. त्यांना खोली दिली होती जिन्याखालची. तिथं त्यांनी खोकी मांडली होती, आणि प्रत्येक खोक्यावर खडूनं नाव. झाकणं. तारा. सुताचे कोन. छत्र्यांच्या काड्या. शेवटच्या खोक्यावर लिहिलं होतं, "बघू". जे कुठंच बसत नव्हतं ते त्यात.

विकत आणलेली वस्तू त्यांच्या वर्गात चालायची नाही. हल्ली स्टेशनरीच्या दुकानात आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्या, कागदी ताटल्या, पाकिटात बांधून मिळतात. मुलांना टाकाऊ वस्तू आणायला सांगितलं की पालक त्या विकत आणून देतात. एका व्यापारी पालकांनी अशी पिशवी भरून पाठवली, तर सरांनी ती त्यांच्या मुलीबरोबर परत पाठवली. पालक तणतणत आले. सर शांतपणे म्हणाले, "काही वाईट न्हाय हो सामान. पण ह्यानं अजून एक दिवसबी काम केलं न्हाय. आधी वापरा, थकू द्या, मग पाठवा." पालक मुख्याध्यापकांकडं गेले. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं. सर गेले, ऐकून घेतलं, आणि पुढच्या तासालाही तेच केलं.

पण खरा हट्ट वेगळाच होता. तो "टिकाऊ" या शब्दाशी होता.

टाकाऊतून टिकाऊ. सगळ्या शाळांत असतं तसं आमच्याकडंही त्या खोलीवर लावायला मुख्याध्यापकांनी हे शब्द रंगवून एक फळी करून घेतली होती. सरांनी ती आनंदानं घेतली, उलटी केली आणि चार विटांवर ठेवून तिचं टेबल केलं. त्यांचं म्हणणं असं की वर्षभर मुलांनी जे काही केलं असेल ते वार्षिक परीक्षेआधी मोडायचं. ज्यानं केलं त्यानंच मोडायचं. तार तारेच्या खोक्यात, झाकण झाकणांत. पुढच्या वर्गाला सामान तयार. काही म्हणजे काही ठेवायचं नाही.

का, असं मी त्यांना अनेकदा विचारलं. दर वेळी कारण वेगळं. एकदा म्हणाले, जागा नाही. एकदा म्हणाले, कपाटात गेलेली वस्तू पुन्हा भंगारच होते, फक्त तिच्यावर काच असते. एकदा म्हणाले, पोरांना मोडायला येत नाही, सगळे फोडतात, मोडणं हे वेगळं काम आहे, ते शिकवावं लागतं. हे शेवटचं मला त्यातल्या त्यात खरं वाटतं, कारण मोडायच्या दिवशी मी एकदा त्या खोलीत जाऊन बसले होते. एरवी दंगा करणारी मुलं सोनाराच्या दुकानात बसल्यासारखी बसली होती. एकजण आपल्या उंटाच्या मानेची तार उलगडत होता, जशी गुंडाळली होती तशीच उलट. सर त्याच्याजवळ जाऊन बघायचे आणि म्हणायचे, "साकु." साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. करतानाही हाच शब्द, मोडतानाही हाच. आता हात काढ, झालं.

एका वर्षी शिक्षण खात्यातले कुणी मोठे साहेब शाळा बघायला यायचे होते, आणि नेमकं त्याच्या आदल्या दिवशी सरांचं मोडणं. मुख्याध्यापकांनी अक्षरशः विनवलं, एक दिवस थांबा. सरांनी मान हलवली. आम्हाला वाटलं, ऐकलं. दुसऱ्या दिवशी साहेब जिन्याखाली वाकून आत गेले तर समोर धुऊन पुसून ठेवलेली डबडी. साहेब भले होते. त्यांनी विचारलं, "कलाकृती कुठं आहेत?" सर म्हणाले, "ह्यातच हायत की." साहेबांना ती थट्टा वाटली, ते हसले आणि निघून गेले. मुख्याध्यापक मात्र आठवडाभर सरांशी बोलले नाहीत. सरांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. मला वाटलं होतं, घर म्हणजे त्या खोलीची मोठी आवृत्ती असणार. तर दोन स्वच्छ खोल्या, एकही वस्तू जास्तीची नाही. भिंतीवर मुलांनी केलेलं काही नाही, सरांनी केलेलंही काही नाही. वहिनी म्हणाल्या, "पोतं उंबऱ्याच्या बाहेर, असं लग्नातच सांगितलंय त्यांना." सर नुसते हसले. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी बिस्किटाचा रिकामा पुडा घडी घालून खिशात टाकला. वहिनींनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

आता एका मुलीबद्दल.

ती आठवीत होती. वडील मागावर, आई आणि आजी घरी विड्या वळायच्या. आजीला ती अव्वा म्हणायची. वर्गात फारसं बोलायची नाही, माझ्या तासाला तर नाहीच. सरांच्या खोलीत बाकीची मुलं रंगीत झाकणांवर तुटून पडायची, ही मात्र "बघू" लिहिलेल्या खोक्यात हात घालून बसायची. दिवाळीच्या आधी तिनं एक काम सुरू केलं. सगळे विचारायचे, काय आहे, ती सांगायची नाही. हळूहळू दिसायला लागलं. एक म्हातारी बाई होती ती, खरीखुरी म्हातारी बसते तेवढ्या उंचीची, मांडी घातलेली. अंग सुताच्या कोनांचं. लुगडं कारखान्यातून टाकून दिलेल्या टॉवेलच्या काठांचं, एकाला एक जोडून. डोकं म्हणजे पोचे आलेली ॲल्युमिनियमची तपेली. आणि हात छत्रीच्या काड्यांचे. काड्या तिनं सांध्यासांध्यांत अशा वाकवल्या होत्या की बोटांत काही धरलेलं नसतानाही बघणाऱ्याला कळायचं, ही विडी वळतेय. मांडीवरच्या सुपात विडीच्या पानांची कातरण.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दारातच थांबले. सर माझ्याशेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "मॅडम, मी ह्या पोरीला काहीच शिकवलं न्हाय. मी फक्त साकु म्हटलं."

पालक सभेला तिची अव्वा आली होती. काठी टेकत जिन्याखाली आली, त्या बाईसमोर बसली, आणि बराच वेळ बघत राहिली. मग तेलुगूत काहीतरी म्हणाली. मुलगी हसायला लागली. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "अव्वा म्हणती, मी एवढी वाकून बसत न्हाय." पण अव्वा तसंच वाकून बसली होती. आम्ही सगळेच हसलो, अव्वासुद्धा.

संक्रांत झाली आणि अव्वा गेली. काही दिवसांचं आजारपण. मुलगी शाळेत आली ती पहिल्यापेक्षा गप्प. मधल्या सुट्टीत डबा घेऊन जिन्याखाली जायची, त्या बाईसमोर बसून खायची आणि घंटा झाली की वर यायची. रोज. मैत्रिणींनी बोलावलं तरी जायची नाही.

मार्च जवळ आला तसं मी सरांना म्हटलं, या वेळी ही एक राहू द्या. मुख्याध्यापकही म्हणाले, शिपाईसुद्धा म्हणाला. सरांनी या वेळी नेहमीसारखं एखादं कारण सांगितलं नाही. पायरीवर बसले. मग म्हणाले, "ठेवली तर ती रोज येऊन बसेल, मॅडम. दहावीपर्यंत बसेल. ह्या वयात पोरीनं असं बसून राहू नये." मी म्हटलं, मग तिलाच मोडायला लावणार? त्यावर ते पटकन म्हणाले, "छे. तिच्या हातनं कसं करून घ्यायचं?"

मोडायच्या दिवशी तिचा वर्ग दुपारून होता. सर सकाळीच एकटे बसले. मी ऑफ तासाला खाली गेले तर त्यांच्यापुढं लुगड्याच्या काठांची चळत होती आणि ते छत्रीच्या काड्या सरळ करत होते. इतक्या वर्षांत दुसऱ्याची वस्तू त्यांनी मोडलेली मी कधी पाहिली नव्हती.

दुपारी मुलं आली. ती सगळ्यांत शेवटी आली, खांद्याला दप्तर तसंच. दारात थांबली. जिथं ती बाई बसायची ती जागा झाडून घेतलेली होती. तिनं जागेकडं बघितलं, मग खोक्यांकडं, मग सरांकडं. रडली नाही. वळली आणि जिना चढून वर्गात जाऊन बसली. सर तिच्या मागं अर्ध्या जिन्यापर्यंत गेले, हाक मारली, आणि तिथंच थांबले. पुढच्या वर्षी ती सरांच्या तासाला मागं बसून नुसती दाराबाहेर बघायची. सर तिला काही म्हणायचे नाहीत. दहावी झाली आणि ती शाळेतून गेली. दोघांचं त्या गोष्टीवर एका शब्दानंही बोलणं झालं नाही.

त्यानंतर सरांनी मोडायचं सोडलं.

कुणाला काही सांगितलं नाही, नुसतं सोडलं. मार्च आला, गेला, उंट उंटच राहिले. मुख्याध्यापकांना आनंद झाला. खोलीत मांडण्या आल्या, पाहुण्यांना खाली नेऊन दाखवायला लागले, प्रदर्शनात एक ढाल मिळाली. ती फळी सुलटी करून दारावर लावली गेली. सर तिच्याखालून वाकून आत जायचे. पण खोकी रिकामी होत गेली. सगळं सामान मागच्या वर्षीच्या मोरांत आणि रेल्वेगाड्यांत अडकलेलं. मुलं मग घरून आणायची, आणि हळूहळू त्यात दुकानातल्या कोऱ्या काड्या यायला लागल्या. सरांनी त्या घेतल्या. पहिल्यांदा घेतल्या तेव्हा मी त्यांच्याकडं बघितलं, ते माझ्याकडं बघेनात.

मांडण्यांवर धूळ बसली. उंदरांनी कापसाची माणसं कुरतडली. कुणी हात लावायचा नाही, कारण प्रत्येक वस्तू कुणाची तरी होती आणि ती मुलं केव्हाच शाळा सोडून गेली होती. शेवटी ती जागा संगणकासाठी हवी झाली, सरांचं कंत्राटही संपलं, आणि एका सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. माणसं पाय देऊन देऊन सगळं टेम्पोत दाबत होती. मोडलं नाही ते, फुटलं. सर सायकल धरून फाटकाशी उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "एकदा चुकलो मॅडम, आणि मग बरोबर होतं तेबी सोडलं."

ते गावी राहायला गेले. आठवड्यातून एकदा फोन यायचा, संध्याकाळी दिवेलागणीला. तुरीचं, पावसाचं, वहिनींच्या गुडघ्यांचं बोलून झालं की थोडं थांबून विचारायचे, "ती पोरगी कुटं असते, काही कळलं का?" मी म्हणायचे, नाही कळलं, पण जाऊ द्या सर, मुलं विसरून जातात. वहिनीही मागून तेच म्हणताना ऐकू यायच्या. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत, जाऊ द्या आता. सर "व्हय, व्हय" करून फोन ठेवायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचे.

ती मला भेटली गेल्या उन्हाळ्यात. शाळेच्या गणवेशाचं नमुन्याचं कापड बघायला मी एका शिलाईच्या कारखान्यात गेले होते. आमच्या सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांना तोटा नाही. तिथं कापड बेतायच्या टेबलाशी ती उभी होती, हातात खडू, चार बायकांना काम समजावून देत. तिनंच मला ओळखलं. लग्न झालंय, एक मुलगी आहे, सासरी बरं आहे, असं सांगितलं. मग तिनंच विचारलं, "डबडे सर कसे हायत?"

मी सांगितलं. आणि हेही सांगितलं, की तुझी अव्वा मोडली म्हणून ते अजून झुरतात. ठेवायला हवी होती म्हणतात.

ती खडू टेबलावर ठेवून म्हणाली, "ठेवायची कुटं होती, मॅडम? मी मोडायलाच आलते की. दप्तरात पप्पांची पक्कड घेऊन आलते. रोज तिच्यासमोर बसून तेच ठरवत होते, पयलं काय सोडवायचं. हात शेवटी सोडवायचे, असं ठरवलं होतं." मग म्हणाली, "आजारपणात मला तिच्याजवळ जाऊ दिलं न्हाय कुणी. लहान हायस म्हणाले. तिला नेलं तेव्हाबी मला शेजारच्यांकडं बसवून ठेवलं होतं. हे तरी माझ्या हातनं होईल, असं वाटलं होतं."

मी घरी आले आणि संध्याकाळची वाट न बघता सरांना फोन लावला. जसं ती बोलली तसं सांगितलं. त्यांनी फक्त कारखान्याचा पत्ता विचारला.

त्यानंतर काही दिवसांनी कापड ठरवायला मी पुन्हा तिथं गेले. ती म्हणाली, "सर येऊन गेले." गावाहून एसटीनं एकटेच आले होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत फाटकाबाहेर थांबले. ती बाहेर आल्यावर तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, बाळ, तुझं काम मी केलं, चुकलं माझं.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, व्हय सर, चुकलं."

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं. ती म्हणाली, "खोटं कशाला बोलू? एवढ्या लांबनं आले होते." मग तिनं डबा उघडला, दोघं फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले. सरांनी तिच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली. तिच्या मुलीबद्दल विचारलं. सुट्टी संपल्यावर ती आत गेली.

मला त्या म्हाताऱ्या माणसाची काळजी वाटली. थकलेला जीव, एवढ्या उन्हात आला, आणि त्याला हे ऐकून परत जावं लागलं. घरी येऊन मी फोन केला आणि चाचरतच म्हटलं, सर, पोरगी आहे, तिच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नका.

"अहो न्हाय मॅडम," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी फार दिवसांनी असा मोकळा ऐकत होते. "तुमी सगळे इतकी वर्षं जाऊ द्या म्हणत होता. जाऊ द्या म्हटल्यावर ते जायचं कुटं? माझ्यापाशीच राहायचं. ती व्हय म्हणाली बघा."

त्यानंतर पावसाळ्यापर्यंत त्यांचे फोन येत राहिले. तूर, पाऊस, वहिनींचे गुडघे. त्या मुलीचं त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.